बर्फाला कसला विटाळ

मी जन्मात कोंबडी चाखलेली नाही. अंडंही नाही. तरी शहात्तर सालच्या वैशाखात कोंबडीनंच मला सोलापूरच्या सिव्हिलमध्ये आडवं पाडलं, असं सांगितलं की लोक हसतात. हसू द्या. तेव्हा मला हसू येत नव्हतं. माझ्या एका शब्दापायी सोजरबाईच्या एकशे ऐंशी कोंबड्या जिवंत खड्ड्यात जायची वेळ आली होती, आणि तो शब्द माझा होता हे दोघांनाच ठाऊक होतं, मला आणि तिला.

आधी माझं सांगतो. मी रेवणप्पा, मूळचा मैंदर्गीचा, लिंगायत वाणी. पशुसंवर्धन खात्यात स्टॉकमन, म्हणजे जनावरांच्या डॉक्टरच्या हाताखालचा माणूस. नोकरी लागली तेव्हा वाटलं होतं, गाई-म्हशींना लस टोचू, बैलांचे खूर बघू, पुण्याचं काम आहे. साहेबांनी हातात कोंबड्यांचा कार्यक्रम ठेवला. देशात एवढे कोंबडी खाणारे लोक असताना सरकारला नेमका मीच सापडावा, याचं मला अजून कोडं आहे. आम्ही सोलापुरात बाळी वेशीत राहायचो. माझी आई बसव्वा मला संध्याकाळी पुढच्या दारानं घरात घेत नसे. मागच्या मोरीत दोन बादल्या भरून ठेवलेल्या असत. अंगावरचे कपडे भिजत टाकायचे, दोन बादल्या डोक्यावरून ओतायच्या, मगच गळ्यातल्या लिंगाला हात लावायचा. "ब्याड ही नोकरी, ब्याड," असं ती रोज एकदा म्हणे, कानडीत 'नको, नको', आणि मग जेवायला वाढे.

गाव अक्कलकोट रस्त्यावर, शहरापासून सात-आठ मैलांवर. नाव सांगत नाही, कारण तिथली माणसं अजून माझ्याशी नीट बोलतात. मला तिथं कोंबडीसायेब म्हणत. बहात्तरच्या दुष्काळात सोजरबाई रस्त्याच्या कामावर खडी फोडत होती. नवरा आधीच गेलेला, घरात फक्त सासू, केराबाई. खडीचं काम संपल्यावर मीच तिच्या मागं लागलो की पन्नास पिल्लं घ्या. "सायेब, जगतील का?" म्हणाली. मी म्हटलं, "मी सांगेन तसं केलंत तर जगतील." बाईनं माझा शब्द अन् शब्द पाळला. शेडच्या दारात चुन्याच्या पाण्याची पाटी, त्यात पाय बुडवल्याशिवाय कुणाला आत सोडत नसे, गावच्या सरपंचालाही नाही. खालचा भुसा रोज हलवायची, पाण्याची भांडी रोज घासायची, मानमोडी रोगाची लस ठरल्या दिवशी. चार वर्षांत पन्नासाच्या दोनशेवर झाल्या. मी साहेबांना जीपमधून नेऊन तो शेड दाखवायचो आणि माझी कॉलर ताठ व्हायची.

एकच गोष्ट मी तिला शिकवली नाही. कोंबडी जिवंत असेपर्यंतचं सगळं मी शिकवलं. कोंबडी कापायची वेळ आली की मी शेडकडं पाठ करून बसायचो आणि बांधावरच्या बाभळीकडं बघायचो. रक्त बघवत नाही, पिसांचा उकळत्या पाण्यातला वास सहन होत नाही, आणि आईला काय सांगणार? मला वाटायचं, एवढी सवलत माणसाला असायला हवी.

वैशाखातल्या त्या रविवारी सोजरबाईनं जेवण घातलं. पत्र्याचा नवा शेड उभा राहिला होता, मदत केलेल्या सगळ्यांना बोलावणं होतं. त्याच दिवशी सोलापूरच्या लष्कर भागातल्या एका हॉटेलानं लग्नासाठी वीस कोंबड्या सोलून मागितल्या होत्या. त्या उन्हात टिकाव्यात म्हणून हॉटेलवाल्यानं आदल्या संध्याकाळी शहरातून बर्फाची मोठी लादी पाठवली होती, भुशात आणि गोणपाटात गुंडाळून. सकाळी सहापासून सोजरबाईचा चुलतदीर महिपती कापायला आणि सोलायला बसला. जेवणासाठीच्या कोंबड्या बाजूला गेल्या, हॉटेलाच्या वीस त्या लादीवर ओळीनं मांडल्या. हॉटेलाची जीप दहाला यायची होती, ती आली साडेअकराला.

जेवणाच्या दोन पंगती ठरल्या होत्या. एक रस्सा-भाकरीची, चाळीस-एक माणसांची. दुसरी आम्हा न खाणाऱ्यांची, अकरा जणांची. केराबाई माळकरी, ती आमच्यातच. न खाणाऱ्यांना वाईट वाटू नये म्हणून सोजरबाईनं वेगळी चूल मांडली होती, नवी भांडी आणली होती, आणि आमच्यासाठी खास गार दूध करायचं ठरवलं होतं, गुलाबाचं सरबत आणि सब्जा घालून. दूध सरपंच आबासाहेबांच्या म्हशीचं. त्यांनी स्वतः कॅन पाठवला होता आणि हे त्यांनी येणाऱ्या प्रत्येकाला सांगितलंही होतं.

मी नेहमीप्रमाणं पाठ करून बसलो होतो. नऊ वाजले असतील. मागून सोजरबाईचा आवाज आला.

"सायेब, दूध उकळून ठिवलंय, पर अजून कोमट हाय. ह्या लादीचा कोपरा फोडून घालू का? वर पाणी वतून धुऊन घेते. का इटाळ व्हतो?"

मी मान वळवली नाही. वळवली असती तर कोंबड्या दिसल्या असत्या.

"बर्फ म्हणजे पाणीच की," मी बाभळीला म्हणालो. "बर्फाला कसला विटाळ? घाला."

तिनं विटाळाचं विचारलं, मी विटाळाचं उत्तर दिलं. पंचक्रोशीत माझ्याइतका सोवळा माणूस दुसरा नव्हता, त्यामुळं उत्तरावर शंका घ्यायचं तिला कारण नव्हतं. जंतूंचं कुणी विचारलंच नाही, आणि ज्याला त्याची माहिती असल्याबद्दल सरकार पगार देत होतं तो बाभळीच्या शेंगा बघत बसला होता.

दूध मात्र फक्कड झालं होतं. दीड वाजता पंगत बसली, तोवर त्यात दोनदा बर्फ पडून विरघळला होता. मी दोन ग्लास प्यायलो. रस्स्याच्या पंगतीतल्या कुणी त्याला हात लावला नाही. कोंबडी खाऊन वर दूध प्यायलं की अंगावर कोड उठतं, हे आपल्याकडं शेंबडं पोरही जाणतं.

सोमवारी पहाटे माझ्या पोटात असा पीळ पडला की मी मोरीतच बसून राहिलो. मग ताप, मग उलट्या. आईनं टांगा बोलावला. वाटेत एकदाही ती 'ब्याड' म्हणाली नाही, तेव्हाच मला कळलं की माझं काही खरं नाही. सिव्हिलमध्ये पोचलो तर व्हरांड्यात आमची शाकाहारी पंगत पुन्हा बसलेली! शाळेचे गुरुजी, त्यांची बायको, देवळाचा पुजारी, सगळे पोट धरून. अकरातले नऊ. आणि माझ्या शेजारच्या खाटेवर महिपती. केराबाई बायकांच्या वॉर्डात होती, हाताला सलाईन. वय सत्तरीच्या पुढं, अंगात पाणी उरलं नव्हतं. डॉक्टरीणबाई तासातासाला तिच्याकडं जाऊन येत होत्या.

मंगळवारी सकाळी सोजरबाई आली. दोन दिवसांत बाई अर्धी झाली होती. सासूजवळ बसून आली, मग माझ्या खाटेशी उभी राहिली.

"सायेब, उद्या पुरत्यात," ती म्हणाली.

"कुणाला?" मला वाटलं, केराबाई गेली.

"कोंबड्यास्नी. आबासायेबांनी सांगितलंय. धा वाजता. शेडच्या मागं खड्डा खांदून झाला. चुन्याचं पोतं बी आणलंय." तिनं पदर तोंडाला लावला. "म्हनत्यात, रोगट कोंबड्या. सगळ्या गावाला बाधल्या. आन् सायेब, माज्या हातचं पाणी कुनी घेत न्हाय आता. हीरीवर गेले तर बाया बाजूला झाल्या."

आणीबाणीचे दिवस होते. देशात ती कुणीही लावली असेल, आमच्या गावात ती आपण लावलीय अशा थाटात आबासाहेब फिरत. त्यांनी पुरा म्हटलं की लोक फावडी घेऊन निघत.

"माझं कुटं चुकलं, सायेब?" तिनं विचारलं. "तुमी सांगितलं तसंच समदं केलं की."

मी म्हटलं, "तुमचं काही चुकलं नाही." हे मी तिला धीर द्यायला म्हटलं. खरं किती होतं ते मला त्या वेळी माहीत नव्हतं.

ती गेल्यावर मी छताकडं बघत पडलो. अंगात ताकद नव्हती, पण डोकं चालत होतं. कोंबड्या बाधल्या म्हणावं, तर मी कुठं खाल्ल्या? गुरुजींनी कुठं खाल्ल्या? केराबाईनं तर त्या चुलीकडं पाहिलंही नव्हतं. चाळीस माणसांनी रस्सा ओरपला, त्यातला एकही इथं नव्हता. लष्करातल्या लग्नात वीस कोंबड्या संपल्या, तिथून एक तक्रार नव्हती. म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी चालली होती. सगळं नीट जुळत होतं, फक्त एक माणूस मध्ये आडवा येत होता. महिपती. तो रस्स्याच्या पंगतीत बसला होता आणि तरी आजारी होता.

"महिपती, रविवारी काय काय खाल्लंस?"

"कोंबडी की. आनि काय?" तो म्हणाला आणि दंड उजेडात धरून निरखू लागला. सकाळपासून त्याचं तेच चाललं होतं. एकदा दंड, एकदा पोटऱ्या. "सायेब, जरा बगा, हितं पांढरं दिसतंय का?"

"भिंतीचा चुना आहे तो."

"न्हाई, ह्ये खालचं."

"तोही चुनाच. तुला अंगावर पांढरं काय शोधायचंय?"

तो गप्प झाला. फारच गप्प झाला. महिपती कधी गप्प बसत नाही, हे मला चार वर्षांत कळलं होतं. मी खाटेवर उठून बसलो.

"महिपती, दूध प्यायलास?"

"न्हाय!"

"आईची आण घे."

त्यानं इकडंतिकडं पाहिलं. "लई गार हुतं वो सायेब," तो रडकुंडीला येऊन म्हणाला. "सकाळधरनं त्या चुलीम्होरं बसून जीव नुसता उकडला हुता. कुनाचं ध्यान न्हाई बगून तीन गिलास मारलं. वैनीला सांगू नगा. कोड उठंल का वो?"

मला त्या माणसाला मिठी मारावीशी वाटली. पोटामुळं जमलं नाही.

डॉक्टरीणबाई दुपारच्या फेरीला आल्या तेव्हा मी त्यांना अडवलं आणि सगळं सांगितलं. बाई तरुण, बोलायला तुटक, पण पुरतं ऐकून घेणाऱ्या. आधी त्यांनी महिपतीला कोड असं उठत नाही म्हणून झापलं. मग खाटेच्या कडेला टेकल्या.

"दूध उकळलं होतं?"

"व्हय, म्या बघितलं," महिपती म्हणाला. "तीन येळा वर आलं."

"मग उकळल्यानंतर त्यात काय पडलं?"

"साखर. गुलाब. सब्जा," मी मोजलं. "आणि बर्फ."

"बर्फ कुठला?"

मला ती बाभळ आठवली. महिपतीनं उत्तर दिलं. "कोंबड्यांच्या खालचा की. लादी येकच हुती."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "कोंबडी धडधाकट दिसली तरी तिच्या आतड्यात जंतू असू शकतात," त्या म्हणाल्या. "सोलताना आतडं फुटलं, हात लागला, की ते मांसाला लागतात. रस्सा खदखदा उकळतो, त्यात मरतात. म्हणून खाणारे वाचले. पण गारव्यात ते मरत नाहीत, नुसते झोपतात. मांसाचं पाणी बर्फात मुरलं, बर्फ दुधात गेला, दूध उन्हात चार तास बसलं. झोपलेले उठले. वरून तांब्याभर पाणी ओतून ते जात नाहीत." मग त्यांनी माझ्याकडं पाहिलं. "हा बर्फ दुधात घालायला कुणी सांगितलं?"

"कुणाला माहीत," महिपती म्हणाला.

मी चादर गळ्यापर्यंत ओढली. खात्यात पंधरा दिवसांचं प्रशिक्षण झालं होतं माझं. आतड्यातले जंतू, सोलायची जागा, धुण्याचं पाणी, सगळं शिकवलं होतं, पण तो तास आला तेव्हाही मी खिडकीबाहेर बघत होतो. बाभळ नव्हती, लिंब होता, एवढाच फरक. त्या दुपारी मला जी लाज वाटली तिच्यापुढं पोटातला पीळ काहीच नव्हता.

संध्याकाळी भिंतीचा आधार घेत बायकांच्या वॉर्डात गेलो. केराबाई उशाला टेकून बसली होती आणि नर्सशी भांडत होती. तिला चहा हवा होता, साखर जास्त घातलेला. माझा जीव भांड्यात पडला. मी तिथंच स्टुलावर बसलो आणि डोळे पुसले, लपवायचं काही कारण नव्हतं.

"रडतुयास कशाला, लेकरा? मी काय मेले न्हाय," म्हातारी म्हणाली. मी तिला सांगितलं की कोंबडीनं नाही, दुधातनं बाधलं आणि उद्या सकाळी कोंबड्या पुरणार आहेत. तिनं चहाचा घोट घेतला, विचार केला.

"दुधानं बाधलं व्हय? मग आबाला म्हनावं, तुजी म्हस बी पूर की."

बुधवारी सकाळी डॉक्टरीणबाईंनी कुरकुरत मला सोडलं. मी घरी गेलो नाही. आधी ऑफिसात जाऊन जांभळ्या औषधाची बाटली, सुया आणि पांढरी फरशी घेतली, मग एसटी पकडली. पोचलो तेव्हा दहाला पाच कमी होते. शेडमागं माणसं जमली होती. खड्डा बैल मावेल एवढा. सोजरबाई चुन्याच्या पाटीशी बसली होती, शेडच्या दारात, वाट अडवून. तिला उठवायचं कसं, यावर चर्चा चालली होती.

"आला बगा कोंबडीसायेब," आबासाहेब म्हणाले. धोतर स्वच्छ, हातात काठी. "सायेब, तुमी मधी पडू नगा. गावाच्या जिवाचा प्रश्न हाय."

"केराबाई बरी आहे," मी आधी ते सांगितलं. सोजरबाईनं गुडघ्यात डोकं घातलं. तिची पाठ हलत होती. मग मी गावाला पंगतींचा हिशोब ऐकवला. खाणारे चाळीस, सगळे ठणठणीत, इथंच फावडी घेऊन उभे. न खाणारे सिव्हिलमध्ये. महिपतीचं दुधाचंही सांगितलं. वैनीला सांगू नको म्हणाला होता, पण एकशे ऐंशी जीव होते.

"म्हणजे बाधलं ते दूध," मी म्हणालो. "केराबाईनं निरोप दिलाय आबासाहेबांना. कोंबड्या पुरायच्या असतील तर तुमची म्हैसही पुरा."

मग मागं कुणीतरी फिस्सकन हसलं आणि सगळी गर्दी सैल झाली. आबासाहेब लाल झाले.

"माज्या म्हशीला काय झालंय? रोज घरात चार लेकरं पित्यात तिचं दूध! असं कसं कुनावर बी नाव घ्याचं? रीतसर तपास नगं व्हय?"

"रीतसर तपासच पाहिजे, आबासाहेब. मी तेच म्हणतोय."

"मंग करा की! कुनी अडिवलंय?" ते म्हणाले. कालपर्यंत खड्डा खणणारा माणूस आज तपासाचा एवढा भोक्ता झालेला मी दुसरा पाहिला नाही. "दूध उकळल्यालं हुतं. मंग त्यात घातलं काय, त्ये बगा!"

आता बर्फाचं सांगायला हवं होतं. सांगितलं. कोंबड्यांखालची लादी, तिच्यात मुरलेलं पाणी, उन्हातले चार तास. लोक ऐकत होते आणि हळूहळू सगळ्यांच्या माना सोजरबाईकडं वळल्या.

"म्हंजे बाईनंच घातला की बर्फ," आबासाहेब म्हणाले. "शेवटी हात तिचाच."

सोजरबाई उठून उभी राहिली. तिनं माझ्याकडं पाहिलं. एक शब्द बोलली असती तर सुटली असती. "सायेबांनी सांगितलं" एवढंच म्हणायचं होतं. ती बोलली नाही. मान खाली घातली आणि ओठ मिटून उभी राहिली. मी तेव्हा तिच्याकडं पाहिलं, आणि खरं सांगतो, क्षणभर मला वाटून गेलं की बरं झालं, बोलत नाही.

तो क्षण मला आयुष्यभर पुरलाय. पण तो क्षणच होता.

"बर्फ मी घालायला सांगितला," मी म्हणालो. आवाज चिरकला, म्हणून पुन्हा म्हणालो. "बाईनं मला विचारलं होतं. तिनं विचारल्याशिवाय काही केलं नाही. कोंबड्या कापत होते म्हणून मी तिकडं बघत नव्हतो. पाठ करून सांगितलं, घाला. सरकार मला याच कामाचा पगार देतं. हात तिचा असेल, चूक माझी आहे. कुणाला काय म्हणायचं ते मला म्हणा."

लोक मला काय काय म्हणाले ते सांगत बसत नाही. पुजाऱ्याचा भाऊ जे बोलला ते तर छापण्यासारखं नव्हतं. पण बोलून झालं आणि कुणी फावड्याला हात घातला नाही. आबासाहेबांनी काठी आपटली. "झालं ते झालं. म्हशीचा दोष न्हाय, ह्ये समद्यांनी ऐकलं का? आता कोंबड्यांचं काय?"

"एकेक तपासतो," मी म्हणालो.

तपासणी सोपी आहे, फक्त पाठ मोडते. कोंबडीच्या पंखाखालच्या शिरेतून सुईनं रक्ताचा एक थेंब घ्यायचा, फरशीवर ठेवायचा, शेजारी जांभळ्या औषधाचा एक थेंब, दोन्ही मिसळून फरशी हलवायची. थेंब तसाच सपाट राहिला तर कोंबडी चांगली. दूध नासल्यासारख्या गुठळ्या झाल्या तर अंगात रोग. या तपासणीत सगळेच जंतू दिसत नाहीत, हेही मी मोठ्यानं सांगितलं. आता काही लपवायचं नाही, असं मी ठरवलं होतं.

सोजरबाई कोंबड्या धरत होती, मी सुई टोचत होतो. पहिली सपाट. दुसरी सपाट. दहा झाल्या, वीस झाल्या. बाई प्रत्येक थेंबाकडं श्वास धरून बघायची आणि कोंबडी सोडताना तिच्या पाठीवरून हात फिरवायची. तेविसाव्या थेंबात जांभळ्या गुठळ्या उठल्या. ती कोंबडी मी वेगळ्या खुराड्यात टाकली आणि पुढची मागितली. उन्हं डोक्यावर आली. कुणीतरी आमच्यावर गोणपाट धरलं. आबासाहेब चुन्याच्या पाटीत पाय बुडवून आत येऊन बसले आणि प्रत्येक थेंबाला "चांगली!" असं ओरडू लागले, जणू त्यांच्याच कोंबड्या. चार वाजता शेवटची झाली.

एकशे ऐंशीतल्या पाच वाईट निघाल्या. पाच! त्या मारून चुन्यात पुरल्या. बैल मावेल एवढ्या खड्ड्यात पाच कोंबड्या, तिथं उभं राहून सगळ्यांनाच जरा ओशाळल्यासारखं झालं. उरलेल्या खड्ड्यात पुढं सोजरबाईनं शेवगा लावला. तिथून निघताना गुरुजींच्या म्हाताऱ्या आईनं सोजरबाईकडं तांब्याभर पाणी मागितलं, सगळ्यांसमोर, आणि उभ्यानं गटागटा प्यायली. कोंबड्या वाचल्या तेव्हा सोजरबाई रडली नव्हती, ती तेव्हा रडली.

शुक्रवारी केराबाई घरी आली. शनिवारी मी गेलो. जवळ ऑफिसचा कागद होता, माझ्या नावाचा, खुलासा मागणारा. नोकरी राहिली, ते पुढचं. अंगणात महिपती सुरी धुवत बसला होता. त्याचे दंड अजून काळेभोर होते आणि त्याबद्दल तो फार खूश होता. लष्करातल्या हॉटेलाची पुन्हा मागणी आली होती, सहा कोंबड्यांची. मी सवयीनं बाभळीकडच्या दगडावर जाऊन बसलो.

सोजरबाई आली. हातात पाट होता. तो तिनं महिपतीच्या समोर, दोन हातांवर टाकला.

"तितं न्हाय, सायेब. हितं बसा."

"सोजरबाई, मला ते..."

"म्हाईत हाय. पर जितं असूस्तवरचं समदं तुमी शिकवलंसा, पुढचं कोन शिकवनार?"

मी उठलो. विचारायचं होतं ते विचारलं. "बुधवारी तुम्ही माझं नाव का घेतलं नाही? तुमच्या कोंबड्या जात होत्या."

ती पाट सरळ करत होती. "तुमी वळून बघितलं असतं, तर तुमीच घालू नगा म्हनाला असता," ती म्हणाली. "हे मला ठावं हाय. बघितल्यालं न्हवतं, त्याला काय बोल लावायचा? आता मातर बघायचं. पुन्यांदा न बघता सांगितलंसा, तर गावाला म्याच सांगीन."

मी पाटावर बसलो. तोंड पुढं करून. पहिल्या कोंबडीला डोळे आपोआप मिटू लागले, पण मी मिटू दिले नाहीत. दुसरीला मला दिसलं की महिपती आतडं ओढताना नखानं फोडतो. "थांब," मी म्हणालो. "खालून मोकळं करून घे, अख्खं काढ. आणि तो हात तसाच पुढच्या कोंबडीला लावू नकोस, साबण कुठाय?" तिसरीला मी स्वतः बादली उचलून घाण पाणी लांब टाकलं. बर्फाच्या लादीभोवती सोजरबाईनं लाल फडकं बांधून ठेवलं होतं, म्हणजे कुणी चुकूनही तिला खायला-प्यायला हात लावू नये. सहावी झाली तेव्हा शर्ट घामानं भिजला होता, पण मी तोंड फिरवलं नव्हतं. केराबाईनं आतून मला दूध पाठवलं. कढत, वाफा येणारं.

संध्याकाळी घरी मागच्या दारानं गेलो. आई मोरीच्या उंबऱ्याशी उभी होती.

"आज काय केलंस?"

खोटं सांगता आलं असतं. "कोंबड्या सोलताना बघितल्या," मी म्हणालो. "समोर बसून. सहाच्या सहा. आता दर वेळी बघणार आहे."

तिनं 'ब्याड' म्हणावं म्हणून मी वाट बघत उभा राहिलो. मग ती आत गेली, आणि तिसरी बादली भरून घेऊन आली.